विश्लेषण : व्हिडिओ मागे नेला की सबटायटल जाते कुठे?

मोबाइलवर एखादा मल्याळम किंवा कोरियन चित्रपट पाहताना एक वाक्य निसटते. पडद्याच्या डाव्या बाजूला अंगठ्याने दोनदा टिचकी मारली की चित्र दहा सेकंद मागे जाते. पात्राचे ओठ हलतात, आवाजही येतो, पण ज्या ओळीसाठी मागे आलो ती ओळच दिसत नाही. पुढचे वाक्य सुरू झाले की सबटायटल जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा हजर! बहुतेक जण फोनला किंवा नेटला दोन शब्द सुनावतात, आणखी थोडे मागे जातात आणि विषय सोडून देतात. ज्याला ऐकू येत नाही, त्याला तो इतक्या सहज सोडता येत नाही. त्याच्यासाठी ती ओळ म्हणजेच संवाद असतो.

हा दोष फोनचा सहसा नसतो आणि नेटचाही नसतो. व्हिडिओच्या फाइलमध्ये वेळेचा हिशेब कसा लिहिला जातो, यात त्याचे मूळ आहे. तो दुरुस्त करण्याची रीत तंत्रज्ञांना पुरती ठाऊक आहे. प्रश्न आहे तो ही दुरुस्ती ऐच्छिक ठेवायची की सक्तीची करायची, याचा.

फाइल म्हणजे एक मालगाडी

एमपीफोर, एमकेव्ही ही नावे आपण फाइलच्या शेवटी पाहतो. ही चित्राची किंवा आवाजाची नावे नाहीत. ती आहेत चित्र, आवाज आणि मजकूर एकत्र बांधून ठेवणाऱ्या वेष्टनाची, ज्याला तांत्रिक भाषेत कंटेनर म्हणतात. एमकेव्हीचे मूळ नाव मात्रोश्का. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून २००२ मध्ये ते ठेवले गेले. एमपीफोरची रचना अ‍ॅपलच्या १९९१ सालच्या क्विकटाइममधून आली.

कंटेनर डोळ्यांसमोर आणायचा तर मालगाडी आणावी. एका वाघिणीत चित्राचा छोटा तुकडा, पुढच्या वाघिणीत आवाजाचा, मग पुन्हा चित्राचा, मध्येच कधीतरी सबटायटलची एक ओळ. प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी असते : हा अमुक वेळेला दाखवा. ही चिठ्ठी म्हणजे टाइमस्टॅम्प. चित्र, आवाज आणि मजकूर यांची आपसात ओळख नसते. तिघेही एकाच घड्याळाकडे पाहून चालतात, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात.

हे घड्याळ सेकंदात मोजत नाही. टीव्ही प्रसारणासाठी १९९० च्या दशकात ठरलेल्या एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये ते सेकंदाला ९०,००० ठोके देते. आकडा विचित्र वाटतो, पण निवड हुशारीची आहे. सेकंदाला २४ चित्रे असतील तर प्रत्येक चित्राला ३,७५० ठोके, २५ असतील तर ३,६००, ३० असतील तर ३,००० आणि अमेरिकेतल्या २९.९७ या त्रासदायक आकड्यालाही बरोबर ३,००३. अपूर्णांक कुठेच उरत नाही. या घड्याळासाठी ३३ बिटांची जागा दिलेली असल्याने सुमारे साडेसव्वीस तासांनी ते भरते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिन्यांच्या यंत्रणेला ही उलटी उडी लक्षात घ्यावीच लागते. एमकेव्हीमध्ये हिशेब साधारणपणे मिलिसेकंदात होतो. एमपीफोरमध्ये चित्राला, आवाजाला आणि मजकुराला आपापले स्वतंत्र मोजमाप असते. १९९२ मधल्या जुन्या एव्हीआय फाइलमध्ये तर चित्रावर वेळेची चिठ्ठीच नसायची. कितवे चित्र आहे ते मोजायचे आणि गतीने भागायचे!

उडी मारल्यावर नेमके काय होते?

सगळी गंमत इथे आहे. व्हिडिओतले प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र असते, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त 'आधीपेक्षा काय बदलले' एवढीच नोंद. काही चित्रे तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांवर अवलंबून असतात, म्हणून काही तुकड्यांवर दोन चिठ्ठ्या लागतात : उलगडायचे कधी आणि दाखवायचे कधी.

त्यामुळे तुम्ही चाळिसाव्या मिनिटाच्या पाचव्या सेकंदावर बोट ठेवले, तरी प्लेअर थेट तिथे उतरू शकत नाही. तो आधीची जवळची की-फ्रेम शोधतो, समजा ती चौथ्या सेकंदाला आहे. तिथून चित्र भराभर उलगडत तो पाचव्या सेकंदापर्यंत येतो. हे इतक्या झटपट होते की आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता सबटायटलची ओळ पाहा. ती दुसऱ्या सेकंदाला सुरू होते आणि आठव्या सेकंदापर्यंत राहायची आहे. ओळीचा तुकडा मालगाडीत एकदाच येतो, दुसऱ्या सेकंदाच्या जागी. त्यावर 'सहा सेकंद दाखवा' असे लिहिलेले असते. प्लेअर चढला चौथ्या सेकंदाला. ओळीची वाघीण मागे राहून गेली. पाचव्या सेकंदाला पडद्यावर ती ओळ असायला हवी, याची प्लेअरला कल्पनाच नाही.

मग आवाज का हरवत नाही? कारण आवाजाचे तुकडे अगदी बारीक असतात. एएसी या रूढ पद्धतीत एक तुकडा सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा. त्यातला एखादा सुटला तरी कानाला कळत नाही. चित्रासाठी की-फ्रेमची सोय आहे. मजकुराचा तुकडा मात्र सहा-सहा सेकंद लांबीचा आणि मध्येच चढणाऱ्यासाठी त्यात दारच नाही. ओळ जितकी लांब, तितकी ती हरवण्याची शक्यता जास्त. गाण्याचा अर्थ, पत्रातला मजकूर, माहितीपटातले दीर्घ निवेदन, म्हणजे वाचायला वेळ लागतो म्हणून जास्त वेळ ठेवलेल्या ओळी नेमक्या यात सापडतात. आणि दहा सेकंद मागे आपण जातो तेही अशाच ओळी नीट वाचण्यासाठी.

टीव्हीवाल्यांना हे आधीच कळले होते

टीव्ही प्रसारणाची रचना करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : प्रेक्षक कधीही, कुठूनही येईल. रिमोट हातात असलेला माणूस कार्यक्रमाच्या सुरुवातीची वाट पाहत नाही. म्हणून युरोपच्या डीव्हीबी सबटायटल पद्धतीत अशी तरतूद आहे की, ओळ पडद्यावर असतानाच तिची पूर्ण माहिती मध्ये पुन्हा पाठवता येते. उशिरा वाहिनी लावणाऱ्यालाही ती पकडता येते. ब्लू-रे डिस्कवरच्या सबटायटलमध्येही याच जातीची सोय आहे.

एमपीफोरमध्ये वेगळा पण चोख मार्ग आहे. तिथे सबटायटलचा पट्टा सलग असतो. ओळ नसेल त्या वेळेसाठी 'रिकामी ओळ' ठेवतात. त्यामुळे प्रत्येक क्षणाला कोणता ना कोणता तुकडा लागू असतोच. कोणता, ते फाइलमधल्या तक्त्यात पाहता येते. प्लेअरने तक्ता पाहण्याचे कष्ट घेतले की ओळ मिळाली.

इंटरनेटवरून व्हिडिओ पाठवण्यासाठी अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवले जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या लेखी नियमावलीत याविषयी स्पष्ट सक्ती आहे. एखादी ओळ दोन तुकड्यांच्या हद्दीवर येत असेल, तर ती दोन्ही तुकड्यांत आलीच पाहिजे, आणि तिची पूर्ण सुरुवात-शेवट वेळेसह. म्हणजे प्रेक्षक कुठल्याही तुकड्यात उतरला तरी त्या क्षणाची ओळ त्याच्या हाती असते. दोन-चारशे बाइट जास्त गेले, एवढीच काय ती किंमत.

एमकेव्हीमध्ये फाइलला पुस्तकासारखी सूची जोडता येते. कुठल्या वेळेचा तुकडा फाइलमध्ये कुठे आहे, हे ती सांगते. पूर्वी ही सूची मुख्यतः की-फ्रेमसाठीच वापरली जाई. पुढे सबटायटलची ओळ नेमकी कुठे आहे आणि किती वेळ चालते, हेही सूचीत लिहिण्याची सोय झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये या रचनेला इंटरनेट मानकाच्या मालिकेत स्थान मिळाले, त्यातही सबटायटलची प्रत्येक ओळ सूचीत, कालावधीसह, नोंदवावी असे सांगितले आहे. एमकेव्हीमर्ज हे लोकप्रिय साधन ती नोंद आपणहून करते. एमपीव्ही या मोफत प्लेअरच्या माहितीपुस्तिकेत तर ही अडचण नाव घेऊन सांगितली आहे आणि उडीच्या जागेच्या आधीपासून सबटायटल वाचत येण्याचा पर्यायही दिला आहे. मात्र नेहमीच्या मांडणीत तो प्लेअर हे कष्ट घेतो ते सूचीत पुरेशी माहिती असेल तेव्हाच. सूची नसेल, तर पुन्हा नशिबाचा भाग.

'आलीच पाहिजे' आणि 'नोंदवावी'

या दोन शब्दांतच सगळा फरक आहे. मानकांच्या भाषेत 'केलेच पाहिजे' आणि 'करावे' यांचे अर्थ काटेकोर ठरलेले असतात. पहिल्यातून सुटका नाही, दुसऱ्यातून सबळ कारण असेल तर आहे. माझ्या मते सबटायटलच्या बाबतीत ही सूट देण्याचे दिवस संपले आहेत.

सूट मागणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. नेटवरून एमकेव्ही फाइल पाहताना ओळीसाठी मागे जाणे म्हणजे सर्व्हरकडे आणखी एक मागणी, आणखी थोडी प्रतीक्षा. सगळे मागचे वाचत बसले तर उडी मंदावते. अंगठ्याने सरकवताच चित्र हलले नाही तर प्रेक्षक वैतागतो, हेही खरे.

पण जरा वजनाचा हिशेब करू. समजा चित्रपटात दीड हजार ओळी आहेत, प्रत्येकी ४० चिन्हांच्या. रूढ युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. (काना-मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात, तेव्हा 'कि' साठी सहा.) म्हणजे मराठी सबटायटलचा मजकूर झाला सुमारे १८० किलोबाइट. वेळेच्या नोंदी धरून सव्वादोनशे. आता सेकंदाला ५ मेगाबिट या दराने येणारा एचडी व्हिडिओ घ्या. त्याचे एक सेकंद होते ६२५ किलोबाइट. संपूर्ण चित्रपटाचे सगळे संवाद अर्ध्या सेकंदाच्या चित्रापेक्षाही हलके! प्लेअरने ते सुरुवातीलाच उतरवून घेतले, तर उडीचा प्रश्नच उरत नाही. वेगळी एसआरटी फाइल जोडून पाहणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, तो याच कारणाने. ती छोटी फाइल प्लेअर एकदम पूर्ण वाचतो आणि कुठल्या क्षणाला कोणती ओळ, हे त्याला आधीच माहीत असते.

इतक्या स्वस्त दुरुस्तीसाठी 'करावे' म्हणणे मला पटत नाही. जबाबदारी कोणाची, यावर प्लेअर बनवणारे फाइल बनवणाऱ्यांकडे आणि ते यांच्याकडे बोट दाखवतात. फाइल एकदा बनते आणि लाखदा पाहिली जाते, त्यामुळे पहिली जबाबदारी बनवणाऱ्याची असे मी म्हणेन.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम ४२ ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला आशय दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असावा यासाठी उपाय करण्याचे काम सरकारवर टाकते. त्यात क्लोज कॅप्शनिंगचा, म्हणजे हवे तेव्हा चालू करता येणाऱ्या सबटायटलचा, नावानिशी उल्लेख आहे. ओटीटीसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या आचारसंहितेत सुगम्यतेचे कलम आहे, पण ते 'शक्य असेल तितपत' वाजवी पावले उचलण्याचे. चित्रपटगृहांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात याच दुखण्यावर बोट ठेवले. कायदा सक्ती सांगतो आणि त्याखालचा नियम मात्र केवळ शिफारशी करतो, हे विसंगत आहे, असे म्हणत न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला १५(१) हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष वेगळे काढून तीन महिन्यांत ठरवायला सांगितले. प्रकरण सार्वजनिक जागा, वाहतूक, सेवा अशा व्यापक सुगम्यतेचे होते, सबटायटलचे नव्हे. पण 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांतला झगडा तोच आहे.

यात एक पळवाट राहू नये. 'सबटायटल उपलब्ध' अशी खूण केली की काम झाले असे मानले जाते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता पाहिले तर ते दिसतेही. पण मोबाइलवर असे पाहतो कोण? फोन आला, स्टेशन आले, डोळा लागला, मागे गेलो, पुढे ढकलले, असेच पाहणे होते. निकष याच पाहण्याला धरून ठरायला हवेत.

हा प्रश्न फक्त कर्णबधिरांचाही नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून 'त्याच भाषेतले सबटायटल' ही कल्पना लावून धरली. हिंदी गाणे, खाली हिंदीतच ओळ. गाणे ऐकता ऐकता वाचनाचा सराव. परदेशात वाढणारी मराठी मुले आजी-आजोबांच्या भाषेतला चित्रपट पाहतात तेव्हा त्यांचाही भरवसा खालच्या ओळीवरच असतो. नवी भाषा शिकणारा माणूस तर सगळ्यात जास्त वेळा मागे जातो.

ओळ येते, पण भलत्याच वेळी

सबटायटलचे सगळे आजार एका जातीचे नसतात, आणि लक्षणावरून रोग ओळखता येतो. ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच, समजा दोन सेकंद, मागे-पुढे असेल, तर घड्याळाचा शून्य बिंदू चुकला आहे. फाइलची सुरुवात कापली गेली किंवा दोन पट्ट्यांची सुरुवात जुळवताना गफलत झाली, की असे होते. एचएलएसमध्ये मजकुराचे घड्याळ चित्राच्या घड्याळाशी जोडण्यासाठी एक वेगळी ओळ लिहावी लागते. ती चुकली की सगळे संवाद एकाच अंतराने सरकतात. यावर उपाय सोपा. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये सबटायटल मागे-पुढे करण्याची सोय असते.

सुरुवातीला सगळे जुळते आणि हळूहळू बिनसत जाते, तेव्हा मात्र घड्याळाची गतीच वेगळी असते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, पण अमेरिकेत टीव्हीवर येताना तो २३.९७६ चा होतो. १९५३ मध्ये रंगीत टीव्ही आणताना रंगाचे आणि आवाजाचे संकेत एकमेकांत घुसू नयेत म्हणून तिथे ३० ची गती हजारात एकाने कमी केली गेली, त्याचा हा वारसा. युरोपात टीव्ही २५ चा, आणि भारतातही दूरदर्शनने तीच पाल पद्धत स्वीकारली. २४ चा चित्रपट युरोपीय टीव्हीवर सरळ २५ च्या गतीने पळवत, म्हणजे सुमारे चार टक्के वेगाने. अशा प्रतीवरून बनवलेले सबटायटल २३.९७६ च्या फाइलला लावले, तर तासाभरात ओळी संवादाच्या अडीच मिनिटे आधी येऊ लागतात. खुनी कोण ते आधीच कळते! इथे मागे-पुढे सरकवून उपयोग नाही, गती बदलावी लागते. सबटायटल संपादनाच्या मोफत साधनांत हे होते.

आणि ओळ सलग पाहताना बरोबर दिसते, फक्त उडी मारल्यावर हरवते, तेव्हा दोष सूचीचा किंवा प्लेअरचा. तुमच्या हातात दोनच गोष्टी : ओळ सुरू होण्याच्याही आधी जाणे किंवा त्या अ‍ॅपला तक्रार लिहिणे. तक्रारीत 'सबटायटल चालत नाही' असे लिहू नका, त्यावर 'अ‍ॅप अपडेट करा' एवढेच उत्तर येईल. कितव्या मिनिटाच्या कितव्या सेकंदावर गेल्यावर कोणती ओळ दिसली नाही, ते लिहा. हा दोष लगेच दाखवून देता येतो, म्हणून तो नाकारणे अवघड जाते.

मराठी लघुपट, वेबमालिका, व्याख्याने यांचे सबटायटल करून घेणाऱ्यांनी फाइल ताब्यात घेताना पाच मिनिटे काढावीत. पाच-सहा सेकंद चालणाऱ्या दहा ओळी निवडाव्यात, सुरुवातीच्या, मधल्या, शेवटच्या. प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर उडी मारावी, आधी संगणकावर आणि मग एखाद्या स्वस्त मोबाइलवर. दहापैकी एक जरी ओळ आली नाही, तर फाइल परत पाठवावी आणि मगच बिल चुकते करावे.